मदत हवी आहे : मुक्ता फाँट लोड होताच देवनागरी मजकूर खाली सरकतो

नमस्कार. एका सार्वजनिक ग्रंथालयाच्या संकेतस्थळाची नवी मांडणी आम्ही नुकतीच सुरू केली असून तिच्या फ्रंट-एंडचे काम माझ्याकडे आहे. जुन्या पत्त्यांची पुनर्निर्देशने, शोधयादी, छपाईची पाने हे सर्व सुरळीत आहे. अडचण एकच आहे, पण ती वाचकांच्या थेट डोळ्यांवर येते : मोबाइलवर लेख उघडला की मजकूर आधी फोनच्या स्वतःच्या फाँटमध्ये दिसतो आणि मुक्ता फाँट येऊन पोहोचताच परिच्छेद खाली सरकतात, त्यामुळे वाचक ज्या दुव्यावर बोट टेकवणार तो तिथून निसटतो.

माझ्या लॅपटॉपवर लाइटहाऊस या पाने तपासणाऱ्या साधनाचा अहवाल निर्दोष येतो. प्रत्यक्ष वापरकर्त्यांच्या माहितीवर आधारलेल्या गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये मात्र मोबाइलचा सीएलएस (पानावरचा मजकूर किती सरकतो याचे माप) ०.१ या मर्यादेच्या वर आहे. तिथले आकडे मागील २८ दिवसांचे असल्याने केलेल्या बदलाचा परिणाम लगेच कळत नाही, म्हणून अंदाजाने प्रयोग करत बसण्यापेक्षा येथील जाणकारांना विचारणे मला बरे वाटते.

फाँट आमच्याच सर्व्हरवर डब्ल्यूओएफएफ२ या वेबसाठीच्या फाँट-स्वरूपात आहे, प्रीलोड केलेला (आधीच मागवलेला) आहे आणि फाँट-डिस्प्लेचे मूल्य स्वॅप आहे, म्हणजे तो येईपर्यंत पर्यायी फाँट दिसतो. युनिकोड-रेंजमध्ये, म्हणजे हा फाँट ज्या अक्षरांसाठी वापरायचा त्यांच्या यादीत, झीरो विड्थ जॉइनर हे न दिसणारे जोडचिन्हही ठेवले आहे, त्यामुळे ‘दुसर्‍या’सारख्या शब्दांतला अर्धा र व्यवस्थित दिसतो. लाइन-हाइट एककाशिवाय, म्हणजे अक्षरांच्या आकाराच्या पटीत, दिलेली असल्याने ओळीची उंची दोन्ही फाँटमध्ये सारखीच राहते. सरकणे होते ते ओळी वेगळ्या ठिकाणी तुटतात म्हणून. फोनच्या फाँटमध्ये जो परिच्छेद सात ओळींत बसतो तो मुक्तामध्ये आठ ओळी घेतो. म्हणजे येथे उंची जुळवणाऱ्या असेंट-ओव्हरराइडचा फारसा उपयोग नाही, रुंदी जुळवणाऱ्या साइझ-ॲडजस्टचाच आहे, असे माझे मत आहे.

आता खरा पेच. साइझ-ॲडजस्टची टक्केवारी काढून देणारी जी साधने माझ्या पाहण्यात आली ती रोमन अक्षरांची सरासरी रुंदी धरतात. देवनागरीत हा हिशेब लागू पडत नाही, कारण ‘क्ष’ हे तीन संकेतांचे मिळून एकच रूप असते, उकार अक्षराच्या खाली बसून वेगळी जागा घेत नाही आणि काना मात्र घेतो. म्हणून मी ग्रंथालयाच्या जुन्या लेखांतला मजकूर दोन्ही फाँटमध्ये ब्राउझरकडूनच मांडून घेतला आणि एकूण रुंदींचे गुणोत्तर काढले. सलग गद्यासाठी हे गुणोत्तर बरे चालते, परंतु पुस्तकांच्या नावांच्या याद्यांमध्ये, जिथे नावे छोटी आणि जोडाक्षरे दाट असतात, ते चुकते.

दुसरे असे की पर्यायी फाँट सर्वत्र एक नाही. विंडोजवर निर्मला यूआय, अँड्रॉइडवर बहुधा नोटो सान्स देवनागरी, आयफोनवर कोहिनूर देवनागरी अशी स्थिती आहे, आणि काही फोनवर वापरकर्ता यंत्रणेचा फाँटच बदलू शकतो. प्रत्येकासाठी स्वतंत्र फाँट-फेस (सीएसएसमधली फाँटची व्याख्या) लिहून, लोकलमध्ये, म्हणजे उपकरणातलाच फाँट नावाने शोधणाऱ्या सोयीत, त्याचे नाव आणि त्याची वेगळी टक्केवारी देऊन, ही सर्व नावे फाँट-फॅमिली या फाँटच्या क्रमयादीत मुक्तानंतर ओळीने लावण्याचा माझा विचार आहे.

ज्यांनी देवनागरी संकेतस्थळावर हे करून पाहिले आहे त्यांना माझे प्रश्न असे : अँड्रॉइडवरील क्रोममध्ये यंत्रणेचा देवनागरी फाँट लोकलने खात्रीने सापडतो का, आणि सापडत असल्यास नेमके कोणते नाव द्यावे? शीर्षके आणि गद्य यांसाठी वेगवेगळी टक्केवारी ठेवणे व्यवहारात परवडते का? फाँट-डिस्प्लेचे मूल्य ऑप्शनल करावे, हा सल्ला मला ठाऊक आहे. तो सरकणे थांबवेल, पण मंद जोडणीवर पहिल्या भेटीत मुक्ता दिसणारच नाही आणि ग्रंथालयाच्या समितीला ते मान्य नाही, तेव्हा तो वगळून सुचवावे ही विनंती.