स्टॅनली पार्क पळतच करा

कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या स्टॅनली पार्कची, पाण्याच्या कडेकडेने जाणारी फेरी सायकलनेच करा, असं बरेच जण म्हणतात. मी म्हणेन, पळा! साधारण नऊ-दहा किलोमीटर, जवळजवळ सपाट, आणि पायी जाणाऱ्यांची पट्टी अगदी पाण्याला लागून. (ही वाट ज्या समुद्रभिंतीवरून जाते, ती बांधायला १९१७ साली घेतली, फेरी पूर्ण जुळायला १९८० उजाडलं!) सायकलींना घड्याळाच्या उलट दिशेनेच जावं लागतं, आपल्याला ते बंधन नाही. तरी मी त्याच दिशेने जाते. आधी ब्रॉक्टन पॉइंटचं लाल-पांढरं दीपगृह, मग लायन्स गेट पूल डोक्यावरून जातो. सिवॉश रॉकपाशी मात्र वेळेची पर्वा न करता थांबा: पाण्यातून सरळ वर आलेला सुळका, माथ्यावर खुरटी झाडं. उन्हाळ्यात शनिवार-रविवार दुपार टाळा, गर्दीत धड पळताच येत नाही.