मिसळीच्या मेनूकार्डावर कॅलरी छापायच्या, तर मोजायच्या कशा?

तर्रीवाला_नाशिक

नमस्कार मंडळी. नाशकात आमची मिसळीची दोन दुकानं. एक वडिलांच्या काळापासूनचं गावात, दुसरं गंगापूर रोडला. भाचा एमबीए करून आलाय. टेबलावर क्यूआर कोडचं मेनूकार्ड त्यानेच बसवलं, आणि आता मागे लागलाय की मामा, प्रत्येक पदार्थापुढे कॅलरी टाकू, हल्ली सगळे टाकतात. जिमवाली पोरं येतात, ती विचारतातही, नाही असं नाही. मटकी खातात, तर्री बाजूला सारतात आणि प्रोटीन किती म्हणून माझं डोकं खातात.

भाच्याने नेटवरून आकडे काढले. एका ठिकाणी मिसळ ३५०, दुसऱ्या ठिकाणी ८००. म्हटलं, अरे यातली आपली कुठली? तर म्हणे मधला आकडा टाकू.

मला तीन गोष्टी कळत नाहीत. आमच्यासारख्या दोन दुकानांना हे सक्तीचं आहे का? नसेल आणि तरी छापायचं असेल तर मोजायचं कसं, कुणाकडून? आणि आमच्याकडे रस्सा अनलिमिटेड आहे, त्याचं काय करायचं? गिऱ्हाईक घाबरून पळेल का, हे विचारत नाही. ते मी बघून घेईन.

भुकेला_वाघ

मिसळ खायला येणारा माणूस कॅलरी मोजत नाही दादा, पाव मोजतो. छापायचंच असेल तर "तर्री: विचारू नका" एवढं छापा.

वजनकाटा

दादा, मी फूड टेक्नॉलॉजिस्ट. पुण्यात एका साखळी उपाहारगृहाच्या मध्यवर्ती किचनमध्ये बरीच वर्षं हेच काम केलंय. नाव विचारू नका. थोडं लांबेल, चहा घेऊन बसा.

आधी सक्तीचं. एफएसएसएआय म्हणजे केंद्राचं अन्नसुरक्षा प्राधिकरण, त्यांचे २०२० चे लेबलिंग आणि डिस्प्लेचे नियम आहेत, मेनूकार्डाचा भाग १ जुलै २०२२ पासून लागू झाला. ज्यांच्याकडे केंद्रीय परवाना आहे किंवा १० वा जास्त ठिकाणी शाखा आहेत, त्यांनी प्रत्येक पदार्थापुढे एका सर्व्हिंगच्या किलोकॅलरी (आपण बोलताना कॅलरी म्हणतो त्याच) आणि त्या सर्व्हिंगचं माप लिहायचं. शिवाय सरासरी सक्रिय प्रौढ माणसाला दिवसाला २००० किलोकॅलरी लागतात, गरज माणसागणिक बदलू शकते, अशा अर्थाची ओळही हवी. तुमची दोन दुकानं, परवाना राज्याचा असणार, म्हणजे तुम्ही यात येत नाही. पण "सक्ती नाही" म्हणजे "काहीही छापा" असं नाही. अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ५३ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे. भाच्याला सांगा, मधला आकडा वगैरे काही नसतं.

आता मोजणं. दोन रस्ते आहेत.

पहिला, प्रयोगशाळा. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेली लॅब घ्या. ते तुमची अख्खी प्लेट, पाव-फरसाणासकट, मिक्सरमध्ये घालून एकजीव करतात. (तो लगदा बघितला की आठवडाभर मिसळ नको वाटते.) मग त्यातलं पाणी, राख (म्हणजे खनिजं), प्रथिनं, स्निग्धांश काढतात आणि उरलेलं ते कर्बोदक धरतात. प्रथिनं आणि कर्बोदकं ग्रॅमला ४ किलोकॅलरी, स्निग्धांश ग्रॅमला ९. आकडा पक्का मिळतो, पण त्या एका प्लेटचा! तुम्ही लॅबला पाठवताना प्लेट नीट भरून पाठवणार, आणि रविवारी अकरा वाजता जी प्लेट टेबलावर जाते ती वेगळीच असते.

दुसरा, कागदावर. प्रत्येक जिन्नस कच्चा तोलायचा आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७ चे अन्नघटक तक्ते आहेत त्यावरून गुणायचं. यात सगळं सरळ जातं, अडतं फक्त तेलापाशी.

तळणाचं तेल मोजायची रीत आम्ही अशी ठेवली होती. कढई तेलासकट काट्यावर. समजा ४० वड्यांचा घाणा काढला. झाऱ्यावर आणि ताटात निथळलेलं तेल परत कढईत, चुरा गाळून बाजूला, मग पुन्हा तोल. वड्यातलं पाणी वाफ होऊन जातं, कढईतून कमी होतं ते तेलच. ३२० ग्रॅम कमी भरलं तर वड्यामागे ८ ग्रॅम, म्हणजे ७२ किलोकॅलरी नुसत्या तेलाच्या. तेल नीट तापलेलं नसताना वडे सोडले की हाच आकडा वर जातो. एकाच कृतीचे, एकाच कढईतले वडे, पण पहिल्या घाण्याचा वडा आणि चौथ्या घाण्याचा वडा सारखा भरत नाही.

मिसळीत तळण कमी, तर्री जास्त. तिथे कढई तोलून भागत नाही, वाढपी बघावा लागतो. पातेल्यात तेल वर तरंगतं. पळी वरून फिरवली तर वाटीत निम्मं तेल, तळातून ढवळून घेतली तर मसाला आणि पाणी. एकच पातेलं, एकच पळी. आमच्या कृतीच्या कागदावर एका झणझणीत रश्श्याला १८ ग्रॅम तेल लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात किती जातं हे मी किचनमध्ये उभं राहून शोधलं नाही, खरेदीच्या बिलांवरून काढलं. तुम्हीही तेच करा. महिन्यात फक्त तर्रीसाठी फुटलेले १५ किलोचे डबे, आणि गल्ल्यावर निघालेल्या प्लेटी. एका डब्यात ५०० प्लेटी निघत असतील तर प्लेटमागे ३० ग्रॅम, २७० किलोकॅलरी. यात तुमचा फुकटचा रस्साही आपोआप आला. भजी-वड्याचं तेल वेगळ्या वहीत धरा, आणि काळं झालं म्हणून काढून टाकता ते त्यातून वजा करा. (काढून टाकत असालच. पोलर कंपाउंड, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवून त्यात तयार होणारे खराब घटक, २५ टक्क्यांवर गेले की ते तेल वापरायची परवानगीच नाही.)

३० ग्रॅम धरून ढोबळ हिशोब: तेल २७०, फरसाण ४० ग्रॅमचं साधारण २१५, दोन पाव २२०, मटकी कोरडी ४० ग्रॅम म्हणजे १३०, कांदा-खोबऱ्याचं वाटण ६०. झाले ९०० च्या घरात. भाच्याला मिळालेली ३५० ची मिसळ बहुधा पावाशिवायची, घरची, चमचाभर तेलाची असणार. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असू शकतात. वाटण सोडलं तर मटकी बिचारी सगळ्यात कमी, आणि मिसळ पौष्टिक म्हणतो ते तिच्या जिवावर!

रश्श्याचं उत्तर सोपं आहे. प्लेटचा आकडा पहिल्या वाटीसकट, आणि खाली "वरचा रस्सा, दर वाटी" असा वेगळा. पण त्यासाठी वाटी ठरलेली हवी.

गिऱ्हाइकाचं विचारलं नाहीत, तरी सांगते. आकडे छापल्यावर गिऱ्हाइकापेक्षा किचनच जास्त बदललं. पांढऱ्या सॉसचा एक पास्ता होता, त्याचा आकडा मालकांनी छापायच्या आधी बघितला आणि दुसऱ्या दिवशी त्यातलं क्रीम कमी झालं. कुणा गिऱ्हाइकाला पत्ता नाही.

थेम्सकाठची

इंग्लंडहून लिहितेय. इथे ६ एप्रिल २०२२ पासून २५० किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या हॉटेलांना कॅलरी लिहाव्या लागतात. कोपऱ्यावरच्या आपल्या देशी रेस्टॉरंटला नाही, साखळीवाल्यांना. सुरुवातीला आम्ही सगळे वाचायचो, आता नजर सरळ किमतीवर जाते.

फरक पडतो का? कॉक्रेन म्हणून आरोग्यावरचे अभ्यास एकत्र तपासणारी संस्था आहे, त्यांनी २०२५ च्या सुरुवातीला २५ अभ्यास एकत्र तपासून सांगितलं, सरासरी १.८ टक्के कमी कॅलरी घेतल्या जातात. ६०० च्या जेवणात ११, म्हणजे दोन बदाम. तेव्हा दादा, धंद्याची काळजी करू नका.

मला दुसरंच सांगायचं होतं. आमच्या लेकीला खाण्याचा आजार होता. जाडी नव्हे, उलटा. न खाण्याचा. आता बरी आहे. पण बाहेर जेवायला गेलो की ती मेनू उघडायची आणि पदार्थ न वाचता आकडे खालून वर लावत बसायची. सगळ्यात लहान आकडा कुठला, तेवढंच. इथल्या नियमात एक सोय आहे, गिऱ्हाइकाने मागितलं तर हॉटेल बिनआकड्यांचं मेनूकार्ड देऊ शकतं. मी आधी फोन करून तेच मागून ठेवते. काही ठिकाणी लगेच देतात, काही ठिकाणी पोरगा माझ्याकडे बघत राहतो.

तुमच्याकडे क्यूआर आहे ना? मग भाच्याला सांगा, आकडे एका बटणामागे ठेव. ज्याला हवे त्याने दाबावं.

भुकेला_वाघ

ताई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. बटणाची कल्पना चांगली आहे.

सेवानिवृत्त_सातारकर

मी मधुमेही, वय ६८. माझ्या दृष्टीने कॅलरीचा आकडा अर्धाच कामाचा. साबुदाण्याची खिचडी आणि उसळ दोन्हींपुढे समजा ४०० लिहिलं, तर दोन्ही सारख्या का? साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. खिचडी खाल्ल्यावर साखर कुठे जाते ते मी ग्लुकोमीटरवर बघितलंय, दाण्याचं कूट कितीही घाला.

आणि ते २००० कुणाचं? आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०२० च्या शिफारशीत बैठं काम करणाऱ्या पुरुषाला २११० आणि बाईला १६६० धरलेत. आमच्या सौ. त्या ओळीवर विश्वास ठेवून रोज जेवल्या तर रोज ३४० जास्तीच्या.

माझी मागणी साधी आहे. हाफ प्लेट ठेवा आणि ग्रॅममध्ये वजन लिहा. निम्मं खायचं म्हटलं की आमच्याकडची हॉटेलं "पार्सल करून देऊ का" विचारतात. पार्सल घरी आलं की रात्री नऊला संपतं, हे कुणाला सांगायचं!

वजनकाटा

काका, एक उपयोगाचं सांगते. ज्या साखळ्यांना नियम लागू आहे त्यांनी मागितल्यावर कर्बोदकं, साखर, स्निग्धांश, मीठ ही माहितीही द्यायची असते, पुस्तिकेत किंवा वेबसाइटवर. काउंटरवरच्या पोराला माहीत नसतं. मॅनेजरला बोलवा. आणि २००० बद्दल तुमच्याशी सहमत. ती ओळ कुणा एकाची नाहीच.

तर्रीवाला_नाशिक

मंडळी, सगळ्यांचे आभार. ताई, तुम्ही सांगितलं तसं वह्या घेऊन बसलो. गावातल्या दुकानाचे गेल्या महिन्याचे तर्रीचे २० डबे, प्लेटी साडेआठ हजार. पस्तीस ग्रॅम! बायकोने तीनदा गुणाकार करून बघितला. वाटीला चिकटून धुण्यात जातं ते सोडा, तरी तीसच्या खाली येत नाही.

गंगापूर रोडला सत्तावीस ग्रॅम निघाले. मसाला एकच, गावातून तयार जातो. फरक कुठे, तर गावातल्या दुकानातला आमचा वस्ताद जुना माणूस, तर्री वरूनच उचलतो. पाहुण्याला लाल दिसलं पाहिजे म्हणतो. तिकडचा पोरगा ढवळून घेतो, कारण त्याला कुणी शिकवलंच नाही. आणि गंमत म्हणजे गिऱ्हाइकं गावातलीच मिसळ भारी म्हणतात, रोड पार करून येतात.

वस्तादला सांगायला गेलो, ढवळून घे. त्याने पळी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, मग तुम्हीच वाढा. सध्या तो विषय तिथेच आहे.

ठरवलं ते असं. मिसळीपुढे तूर्त आकडा नाही. दोन्ही दुकानांचा एक आकडा खोटा होईल आणि दोन वेगळे छापले तर लोक मलाच विचारतील. चहा, ताक, दही, पाव, वडा या ठरलेल्या मापाच्या गोष्टींचे आकडे टाकतोय, बटणामागे. थेम्सकाठच्या ताई, भाच्याने ते तासाभरात करून दिलं. हाफ प्लेट सोमवारपासून, एका पावासकट, वजन लिहून. सातारकर काका, इकडे आलात तर या. आणि जिमवाल्यांसाठी नुसती मटकी, तर्री वेगळ्या छोट्या वाटीत. ती वाटी ६० मिलीची स्टीलची आणलीय, त्यात वस्तादही जास्त भरू शकत नाही.

ताई, एकच शंका. पाव आमचा नाही, बेकरीचा आहे. त्याचा आकडा बेकरीवाल्याकडून घ्यायचा का?

वजनकाटा

त्याच्याकडे नसणार. वीस पाव काट्यावर ठेवा, सरासरी काढा, १०० ग्रॅमला २७५ धरून चाला. सकाळचा ताजा पाव तोला, संध्याकाळपर्यंत तो सुकून हलका होतो. मैद्याचा भाव वाढला की बेकरीवाले पाव बारीक करतात, किंमत तीच ठेवतात. तेव्हा दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तोला, मेनूसाठी नको तर बेकरीचं बिल द्यायच्या आधी तरी.