ढगाळ हवेत फोटो मळकट येतात, मदत हवी आहे

गोदाकाठ:
कॅनन १५००डी कॅमेरा, सोबत आलेली १८-५५ लेन्स आणि ट्रायपॉड आहे. नाशिकच्या त्र्यंबक रस्त्यावरून अंजनेरी, ब्रह्मगिरी या डोंगरांचे फोटो काढतोय. आकाश पांढरंफटक येतं, खालची शेतं काळपट. लाइटरूम या एडिटिंग ॲपमध्ये डीहेझ (धूसरपणा घालवणारा स्लायडर) ४०, क्लॅरिटी (उठाव वाढवणारा) ५० केलं की डोंगराच्या कडेला पांढरी रेघ उमटते आणि हिरवा रंग प्लास्टिकसारखा दिसतो. चूक फोटो काढताना होतेय की एडिट करताना?

कातळ:
दोन्हीकडे, पण आधी काढताना. ढगाळ दिवस आपल्याला अंधारलेला वाटतो, तरी फ्रेममधली सर्वांत उजळ गोष्ट आकाशच असते. ते अर्ध्या फ्रेमभर घेतलं की कॅमेरा त्या पांढऱ्याला राखाडी करायला जातो आणि शेतं बुडतात. ढगांना आकार असेल, शिखरावर ढग उतरला असेल, तर आकाश ठेवा. नुसता पांढरा पत्रा असेल तर क्षितिज वर ढकला, आकाशाला फ्रेमचा आठवा हिस्सा पुरे. ५५वर झूम करून ते पूर्ण वगळलं तर आणखी बरं.

सावल्या नसल्यामुळे खोली दाखवायला दुसरं काहीतरी लागतं: भातखाचरांचे वाकडे बांध, ओला डांबरी रस्ता, लावणीला वाकलेल्या बायकांची लाल-पिवळी लुगडी. हिरव्यात लालचा एक ठिपका पुरतो.

सेटिंग: रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल), आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १००, एफ/८ (लेन्सचं छिद्र), व्हाइट बॅलन्स क्लाउडी. फोटो पाहताना डिस्प (DISP) बटण दाबून हिस्टोग्राम, म्हणजे उजेड-अंधाराचा आलेख आणा. आकाश लुकलुकायला लागलं, म्हणजे तो भाग जळून पांढरा झाला, की एक्स्पोजर एक तृतीयांश स्टॉपने कमी करा (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). फरक फारच असेल तर ब्रॅकेटिंगने कमी-जास्त एक्स्पोजरचे तीन फोटो काढून ते एकत्र जुळवा. वारा असेल तर मात्र ते जुळवताना भाताची पाती दुहेरी दिसतात.

खाचर:
पोलरायझर (लेन्सपुढे लावायचा, चकाकी कापणारा फिरता फिल्टर) घ्या, तुमच्या लेन्सला ५८ मिमी. ढगाळ आकाशावर तो काही करत नाही, म्हणून लोक तो घरी ठेवतात. ओल्या पानांवर आणि काळ्या दगडावर जी पांढरट चकाकी असते ती तो काढतो. रंग त्या चकाकीखालीच दडलेला असतो. गोदाघाटाच्या ओल्या पायऱ्यांवर फिरवून बघा. दीड-दोन स्टॉप प्रकाश जातो, ट्रायपॉड आहेच. पाण्याने भरलेल्या खाचरात डोंगराचं प्रतिबिंब हवं असेल तर तो उलट फिरवा, नाहीतर प्रतिबिंबही पुसलं जाईल.

गोदाकाठ:
कळलं. आणि ती पांढरी रेघ?

कातळ:
क्लॅरिटी आणि डीहेझ आसपासचा उजेड-अंधाराचा फरक वाढवतात. काळा डोंगर आणि पांढरं आकाश जिथे भिडतात तिथेच तो सर्वांत जास्त, म्हणून रेघ. पूर्ण फोटोवरचे दोन्ही स्लायडर शून्यावर आणा. आकाशाचा मास्क (फक्त तेवढ्याच भागावर बदल): हायलाइट्स -५०, एक्स्पोजर -०.४ च्या आसपास. डोंगरावर ब्रशने वेगळा मास्क, डीहेझ १० ते १५, ब्रश कडेच्या थोडा आतच थांबवा. जळून पांढरं झालेलं आकाश यातून परत येत नाही, फक्त राखाडी होतं.

हिरव्यासाठी: गवताचा बराचसा रंग ग्रीनमध्ये नसतो, यलोमध्ये असतो. एकटा ग्रीन ओढत बसलात तर प्लास्टिकच होणार. दोन्हींचं सॅच्युरेशन (रंगाचा गडदपणा) -१५, ग्रीनचा ह्यू (रंगछटा) जरासा पिवळ्याकडे, यलोचा ल्युमिनन्स (उजळपणा) थोडा खाली. व्हायब्रन्सला हात नको.

खाचर:
एक राहिलं. एसी गाडीतून कॅमेरा थेट बाहेर काढला की लेन्सवर वाफ धरते आणि फोटो आपोआप मळकट येतो. मग डीहेझ ४० करावंसं वाटणारच! पोचायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी एसी बंद करून काचा उघडा, कॅमेरा बॅगेतच राहू द्या. परत आल्यावर बॅगेत सिलिका जेल.