चानचा त्रान झाला, म्हणजे चिनीपण गेलं का?

पैलतीर (धागाकर्ता):
के हुई क्वानला २०२३ मध्ये ऑस्कर मिळालं आणि तो व्हिएतनामी की चिनी यावर लोक हमरीतुमरीवर आले. जन्म सायगॉनचा, घर चिनी. माझं मत असं की दक्षिण व्हिएतनाममधल्या चिन्यांची ओळख तिथला अध्यक्ष न्गो दिन्ह दियेम याच्या सरकारने १९५६ मध्येच मोडली. ऑगस्टमध्ये फर्मान निघालं, की इथे जन्मलेला चिनी आता व्हिएतनामी नागरिक. पाठोपाठ नावंही व्हिएतनामी करा, नाहीतर दंड. सप्टेंबरात परदेशी लोकांना ११ धंदे बंद: मासळी-मांस, किराणा, कोळसा, भंगार, भातगिरण्या वगैरे. यादी करणाऱ्याने बहुधा चोलोनच्या (सायगॉनमधल्या चिनी वस्तीच्या) बाजारात फेरफटका मारूनच ती केली असावी. दुकान वाचवायचं तर चान आडनावाच्या चिन्याने त्रान व्हायचं. ही बाटवाबाटवी नाही तर काय?

आडवी_रेघ:
शब्द जड झाला हो. चानचा त्रान झाला तेव्हा आडनाव तेच राहिलं, उच्चार बदलला. चिनी लिपीतली खूण एकच. कँटनी बोलीचा चिनी ती चान वाचतो, तेओच्यू किंवा होक्किएन बोलीचा तान, व्हिएतनामी माणूस त्रान. म्हणून एकाच घराण्यातले तिघे हाँगकाँगला चान, सिंगापुरात तान आणि कॅलिफोर्नियात ट्रान असू शकतात. शिवाय त्रान आणि ली ही खुद्द व्हिएतनामी राजघराण्यांची नावं. तेराव्या शतकात मंगोलांना परतवणारे राजे त्रानच होते. आडनावावरून कोण चिनी हे तिथे कधीच ठरत नव्हतं. चिनीपण टिकलं ते बोलीवार संघांत, थिएन हाउ देवीच्या देवळांत, शाळांत. आपल्या कोकणातल्या बेने इस्रायलींनी पेणकर, किहीमकर लावलं म्हणून शब्बाथ सोडला का?

पैलतीर:
पेणकर लावा म्हणून कुणी दंडाची धमकी दिली नव्हती. फरक तिथेच आहे. सरकारी कागदावर खूण नसते, रोमन लिपीतलं व्हिएतनामी नाव असतं. नातू तेच वाचत मोठा होतो. "फक्त उच्चार बदलला" हे म्हणायला सोपं आहे.

खाडीकाठ:
तुम्ही दोघंही चोलोनच्या बाहेर पडत नाही आहात. उत्तर व्हिएतनाममधला, चीनच्या सीमेलगतचा हाय निन्ह प्रांत बघा. तिथले शेतकरी हाक्का आणि कँटनी वळणाच्या चिनी बोली बोलणारे. फ्रेंचांनी त्यांना चिनी न म्हणता 'नुंग' ठरवलं आणि १९४७ नंतर स्वायत्त प्रदेश दिला. प्रमुख कोण? वोंग आ सांग. हे वोंग म्हणजे व्हिएतनामी होआंग किंवा हुइन्हच, पण कागदावर त्यांच्याच बोलीतलं उतरलं. १९५४ मध्ये देशाचे उत्तर-दक्षिण असे दोन भाग झाल्यावर यातले बरेच दक्षिणेत आले. म्हणजे नाव कानाला थेट चिनी आणि जमातीच्या रकान्यात नुंग!

उलट बाजूला मिन्ह हुआंग. चीनमधली मिंग राजवट पडल्यावर १६७९ मध्ये आणि पुढे आलेल्यांनी व्हिएतनामी बायका केल्या, त्यांची ही संतती. त्रिन्ह होआय दुक त्यांच्यातलाच, व्हिएतनामच्या न्गुयेन राजघराण्याच्या दरबारात मोठ्या पदावर चढला. आडनावं बापाचीच, पण नोंदवही वेगळी, कर वेगळा. आज त्यांचे वंशज बहुतेक 'किन्ह', म्हणजे बहुसंख्य व्हिएतनामी, म्हणून मोजले जातात. तेव्हा पैलतीर, आडनाव मोडून ओळख मोडली हे पटत नाही. आणि आडवी_रेघ, देवळांनी सगळं टिकवलं हेही नाही. कुठल्या वहीत नाव चढतं त्यावर बरंच ठरलं.

आडवी_रेघ:
वहीचा मुद्दा घेतो. २००९ च्या जनगणनेत 'होआ', म्हणजे चिनी, सुमारे ८.२३ लाख होते, २०१९ मध्ये ७.४९ लाख. पण वही सरकारची असली तरी उत्तर माणूसच देतो ना?

पैलतीर:
१९७८ मध्ये कुणी उत्तर विचारलं नव्हतं. मार्चमध्ये चोलोनच्या व्यापाऱ्यांवर कम्युनिस्ट सरकारच्या धाडी पडल्या, तेव्हा त्रान झालेलेही सुटले नाहीत. उत्तरेतून तर अडीच लाखांच्या आसपास लोक चीनमध्ये गेले.

खाडीकाठ:
आणि त्याच दिवसांत दक्षिणेतल्या चिन्यांना सोनं भरून, अधिकाऱ्यांच्या डोळ्यादेखत बोटीने निघता येत होतं. मग अस्सल व्हिएतनामी लोकांनीही पैसे मोजून चिनी नावाचे खोटे कागद मिळवले. काहींच्या परदेशातल्या कागदांवर तेच आडनाव कायम राहिलं. त्यांच्या नातवंडांना कुठल्या रकान्यात बसवायचं, सांगा.