थायरॉईडच्या गोळीसोबत आयोडीन घेऊ का?

मधुमालती
टीएसएच (थायरॉईड कमी पडलं की रक्तात वाढणारं हार्मोन) ८.२ आलाय, अँटी-टीपीओ (थायरॉईडविरुद्धच्या अँटीबॉडीजची तपासणी) पॉझिटिव्ह. डॉक्टरांनी थायरॉक्सिन ५० सुरू केलंय. बहिणीचं म्हणणं, थायरॉईड म्हणजे आयोडीन कमी, मग मुळावरच उपाय कर. तिने आयोडीनचे थेंब आणि केल्पच्या (समुद्री शेवाळाच्या) कॅप्सूल पाठवल्यात. घरात आयोडीनयुक्त मीठच वापरतो. घ्यावं का?

सुरंगी
नका घेऊ. मला हाशिमोटो हा थायरॉईडचा आजार होऊन बरीच वर्षं झाली, म्हणून जरा तळमळीने लिहितेय.

अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह आणि टीएसएच चढलेला, म्हणजे बहुतेक तुमचंही तेच. यात आपलीच प्रतिकारशक्ती ग्रंथीवर उलटलेली असते. हे आयोडीनच्या कमतरतेमुळे झालेलं नसतं, मग ते वरून देऊन भरून कसं निघेल? उलट नुकसानच होऊ शकतं. एकदम भरपूर आयोडीन आलं की निरोगी ग्रंथीसुद्धा हार्मोन बनवणं थांबवते, पण थोड्या दिवसांत सावरते. याला वुल्फ-चायकॉफ परिणाम म्हणतात. हाशिमोटोत पुष्कळदा हे सावरणंच जमत नाही आणि टीएसएच आणखी वर जातो.

थेंबांचं लेबल नीट बघा. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण १५० मायक्रोग्रॅम पुरतं. काही सप्लिमेंट्समध्ये एका डोसात १२.५ मिलिग्रॅम असतं, म्हणजे ८३ पट! मायक्रो आणि मिलि यांत हमखास गल्लत होते. केल्पमध्ये तर आयोडीन किती, हे शेवाळाच्या जातीगणिक बदलतं.

आणि तुमच्या गोळीतच आयोडीन आहे. थायरॉक्सिनच्या एका रेणूत आयोडीनचे चार अणू, वजनाच्या जवळपास दोन तृतीयांश. हे बहिणीला जरूर सांगा, तिची काळजी खरीच आहे.

अबोली
हातावर आयोडीन लावून डाग किती वेळात जातो ते बघतात ना? त्यावरून कमतरता नाही का कळत?

सुरंगी
नाही हो. आयोडीन हवेत उडून जातं, त्वचेत मुरतं, म्हणून डाग फिका होतो. शरीरात साठा किती आहे त्याच्याशी याचा संबंध नाही. लघवीतलं आयोडीनही रोजच्या रोज बदलतं, एका नमुन्यावरून एका माणसाचं निदान होत नाही.

मधुमालती
पण मग आयोडीन कुणालाच द्यायचं नाही का?

सुरंगी
असं अजिबात नाही. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना गरज दिवसाला २५० मायक्रोग्रॅमपर्यंत जाते, बाळाच्या मेंदूच्या वाढीसाठी ते लागतंच. तेव्हा डॉक्टरांना विचारून जरूर घ्यावं. मीठही बंद करू नका.

तुम्ही सध्या गोळीकडे लक्ष द्या. उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी असेल तर मध्ये चार तास जाऊ द्या, नाहीतर थायरॉक्सिन नीट शोषलं जात नाही. सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच परत करा. केसांसाठी बायोटिन चालू असेल तर रक्त देण्याआधी निदान दोन दिवस बंद ठेवा, त्याने रिपोर्ट चुकतो.