‘ला बायादेर’ : कोणतं रेकॉर्डिंग आधी पाहावं, आणि सावल्यांच्या प्रवेशात नेमकं काय बघायचं?

तोडा_तुकडा

‘स्वान लेक’ आणि ‘जिझेल’ हे बॅले बऱ्यापैकी पाहून झाले आहेत, आता ‘ला बायादेर’ पूर्ण पाहायचा आहे. उपलब्ध रेकॉर्डिंग्जची यादी काढली तर गोंधळच वाढला. कुठे शेवटी देऊळ कोसळतं, कुठे तो अंकच नाही. सोन्याची मूर्ती कुठे साखरपुड्यात नाचते, कुठे शेवटच्या अंकात. तर जाणकारांना चार प्रश्न:

१. पहिल्यांदा कोणतं पाहावं?
२. सावल्यांच्या प्रवेशाचं सगळे एवढं कौतुक करतात, पण वरवर पाहिलं तर एकच स्टेप पुन्हा पुन्हा. त्यात बघायचं काय? कथक पाहायची सवय असल्याने लय कळते, पण इथे पायांत काय शोधायचं ते कळत नाही.
३. निकिया (नायिका, देवळातली नर्तकी) म्हणून झाखारोवा, नून्येझ की असिल्मुरातोवा?
४. त्यात दाखवलेला ‘भारत’ आपल्याला कितपत सहन होतो?

शेवटची_रांग

आधी आवृत्त्यांचा गुंता सोडवू, म्हणजे यादी आपोआप लहान होईल.

मूळ बॅलेची नृत्यरचना मारियस पेतिपाची, संगीत मिंकुसचं, पहिला प्रयोग १८७७, सेंट पीटर्सबर्ग. १९०० साली पेतिपानेच तो पुन्हा बसवला. सोव्हिएत काळात देऊळ कोसळण्याचा अंक गळाला, आणि १९४१ साली पोनोमार्योव्ह आणि चाबुकियानी यांनी लेनिनग्राडमध्ये जी आवृत्ती केली तिचा शेवट सावल्यांवरच होतो. तिथल्या मरिन्स्की थिएटरात आजही मुख्यतः तीच चालते. नर्तक नुरेयेव त्याच परंपरेत वाढला. १९९२ मध्ये पॅरिस ऑपेरासाठी त्याने पूर्ण बॅले बसवला तेव्हा त्यानेही सावल्यांवरच थांबणं पसंत केलं. नर्तकी मकारोवाने १९८० मध्ये अमेरिकन बॅले थिएटरसाठी उलटं केलं: साखरपुड्यातले बरेच नाच कापले आणि शेवटचा अंक नव्याने रचला. त्याचं संगीत जॉन लँचबेरीकडून करून घेतलं. लंडनचा रॉयल बॅले १९८९ पासून हीच आवृत्ती करतो, मिलानचं ला स्काला थिएटरही पूर्वी हीच करायचं, २०२१ पासून तिथे नुरेयेवची आली.

म्हणजे गोष्ट पूर्ण हवी असेल तर मकारोवा, नाच भरपूर हवा असेल तर नुरेयेव किंवा रशियन. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा पॅरिसचं १९९४ चं रेकॉर्डिंग पाहा. इझाबेल गेरँ निकिया, लोराँ इलेर सोलोर (तिचा प्रियकर, योद्धा), एलिझाबेथ प्लातेल गमझात्ती (राजकन्या, जिच्याशी सोलोरचं लग्न ठरतं). कारण एकच: कोर द बॅले, म्हणजे समूहात नाचणाऱ्या नर्तकी. या बॅलेची खरी नायिका निकिया नाही, तिच्यामागच्या बत्तीस जणी आहेत. त्या डळमळल्या तर पुढे कोणीही नाचो, प्रयोग पडला.

आता प्रश्न दोन. सोलोर अफू ओढतो आणि त्याला मेलेल्या निकियाच्या असंख्य सावल्या दिसतात. मागच्या अंधारातून उतारावरून एकेक नर्तकी येते. स्टेप अशी: एक पाऊल पुढे, त्या पायाचा गुडघा वाकवून दुसरा पाय मागे उचलायचा (अराबेस्क), मग वजन मागच्या पायावर घेऊन कंबरेतून मागे झुकायचं, हात डोक्यावर, मग दोन पावलं चालायचं. पुन्हा तेच. दर फेरीला मागून एक नवी सावली येते, त्यामुळे बत्तीस जणी असतील तर पहिल्या मुलीला हा अराबेस्क निदान बत्तीस वेळा करावा लागतो, आणि शेवटचीला मोजकेच. रॉयल बॅले चोवीसजणींवर भागवतो. फरक दिसतो.

अवघड कुठे आहे ते सांगतो. सरळ गुडघ्यावरचा अराबेस्क सांभाळायला तुलनेने सोपा, कारण सांधा कुलूपबंद करता येतो. इथे गुडघा वाकलेला, वर उतार पुढच्या दिशेला, म्हणजे वजन आपोआप बोटांवर ढकललं जातं. घोटा लगेच थरथरतो. पहिल्या पाच-सहा जणींकडे पाहू नका, त्या बहुधा कसलेल्या असतात. आठवी ते पंधरावी पाहा, आणि त्यांचे पाय नाही, उभ्या पायाचा घोटा पाहा.

दुसरं, मागच्या पायाची उंची. ती सगळ्यांची सारखी हवी, सर्वात जास्त नको. एखादीने आपला पाय कौतुकाने हातभर वर नेला की रांग तुटते. चांगल्या कंपनीत ही उंची तालमीत ठरवून देतात आणि लवचीक मुलींना पाय खाली ठेवायला लावतात.

तिसरं तुमच्या ओळखीचं: अराबेस्क समेवर यायला हवा. काही जणी आधी पोचून वाट बघत उभ्या राहतात, काही जणी उशिरा धावत गाठतात. सगळ्या एकदम पोचल्या की संगीत थांबल्यासारखं वाटतं, खरं तर ते थांबलेलं नसतं. कंडक्टरने लय फार ओढली तर मुली कोसळतात, फार पळवली तर मागे झुकण्याची हालचाल अर्धवट राहते.

आणि उतार संपला की सुटका होते असंही नाही. रांगा लागल्यावर सगळ्या जणी एकत्र पाय बाजूला हळूहळू उचलतात आणि धरतात. घसरगुंडी बहुतेक वेळा इथे होते. पॅरिसच्या पाले गार्निए नाट्यगृहाचा रंगमंचच प्रेक्षकांच्या बाजूला पाच टक्के उतरता आहे, रॉयल बॅलेच्या कोव्हेंट गार्डनचा सपाट आहे. पॅरिसच्या मुलींना त्या उताराची सवय असते, पाहुण्या कंपन्यांची तिथे त्रेधा उडते.

एक सूचना: मोबाइलवर पाहू नका. या प्रवेशात क्लोजअप घेणाऱ्या दिग्दर्शकाला माफी नाही, पण जिथे पूर्ण रंगमंच दिसतो तिथे तरी पडदा मोठा हवा.

बाल्कनी_उजवीकडे

कोरबद्दल शेवटची_रांग यांच्याशी शंभर टक्के सहमत, निष्कर्षाशी अजिबात नाही. नवख्या प्रेक्षकाने शेवट नसलेली आवृत्ती आधी का पाहावी? सोलोरने शपथ मोडली, निकिया साप चावून मेली, आणि मग? गमझात्तीचं काय झालं, राजाचं काय झालं? मकारोवाच्या आवृत्तीत लग्नाच्या वेळी निकियाची सावली सोलोरला दिसत राहते, शेवटी देऊळ सगळ्यांवर कोसळतं. हिशेब पूर्ण होतो. लँचबेरीचं संगीत मिंकुसपेक्षा जाड आहे, हे मान्य.

म्हणून माझा सल्ला रॉयल बॅले, आणि तिथे तीन रेकॉर्डिंग्ज आहेत:

१९९१: असिल्मुरातोवा, मुखामेदोव्ह, गमझात्ती डार्सी बसेल.
२००९: तमारा रोहो, कार्लोस अकोस्टा, गमझात्ती मारियानेला नून्येझ.
२०१८: नून्येझ, वादिम मुंतागिरोव्ह, गमझात्ती नतालिया ओसिपोवा.

गंमत बघा, २००९ ची गमझात्ती २०१८ ची निकिया आहे. दोन्ही लागोपाठ पाहिली तर एकच नर्तकी दोन भूमिकांना शरीर कसं वेगळं देते ते कळतं. गमझात्ती म्हणून नून्येझची मान उभी, खांदे मागे, उडी जमिनीला ढकलून घेतलेली. निकिया म्हणून तीच उडी वजन नसल्यासारखी, आणि पाठ सतत बोलते.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: असिल्मुरातोवा. वादच नाही. साखरपुड्यात निकिया फुलांची टोपली घेऊन नाचते तो प्रवेश पाहा. आधी चेलोवरचा संथ भाग, त्यात ती समोर बसलेल्या सोलोरकडे पाहत नाचते आणि तो नजर चुकवतो. मग टोपली हातात येते, तिला वाटतं ती त्यानेच पाठवली, लय एकदम उसळते. बऱ्याच जणी इथे नुसत्या आनंदी होतात. असिल्मुरातोवाच्या चेहऱ्यावर आशा आहे आणि पाठीत अजून दुःख आहे. फुलांत लपवलेला साप चावल्यावर महाब्राह्मण (देवळाचा मुख्य पुजारी) विषावरचा उतारा देऊ करतो, सोलोर गमझात्तीबरोबर निघून जाताना तिला दिसतो, ती कुपी टाकून देते. कुपी कधी सुटते ते बघा. सोलोर दिसायच्या आधीच टाकली तर अभिनय पाठांतराचा.

झाखारोवा? ला स्कालाचं २००६ चं (सोबत रोबेर्तो बोले) आणि मॉस्कोच्या बोल्शोयचं २०१३ चं, दोन्हींत रेषा अप्रतिम, पावलाची कमान तर विचारूच नका. पण पाय कानापर्यंत गेला की माझं लक्ष सावलीवरून उडून पायावर जातं. निकिया इथे मेलेली आहे, तिने काही सिद्ध करायचं नाही.

अर्धविराम

झाखारोवावर अन्याय होतोय. त्याच सावल्यांच्या प्रवेशात लांब ओढणी घेऊन जे युगलनृत्य आहे त्यात तिच्याइतकी स्थिर निकिया क्वचितच दिसते. ओढणीचं एक टोक तिच्या हातात, एक सोलोरच्या, आणि ती चवड्यावर फिरते. त्याने ओढणी ताणली तर ती अक्षावरून ओढली जाते, सैल सोडली तर कापड तिच्याभोवती गुंडाळतं. गिरक्या एकदा एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला, आणि बहुतेकींची दुसरी बाजू कच्ची असते. झाखारोवाच्या दोन्ही बाजू सारख्या आहेत.

बाकी २०१३ चं बोल्शोय मी झाखारोवासाठी नाही, मारिया अलेक्सांद्रोवाच्या गमझात्तीसाठी सुचवेन.

शेवटची_रांग

गमझात्तीचा विषय निघालाच आहे तर तिच्या ‘कोडा’त, म्हणजे शेवटच्या जलद तुकड्यात, काय बघायचं तेही सांगून टाकतो. आधी इटालियन फुएते: एका पायाच्या चवड्यावर चढताना दुसरा पाय समोर-तिरका उंच फेकायचा, मग शरीर वळवून तोच पाय मागे वाकलेल्या स्थितीत धरायचा, टाच खाली, पुन्हा वर. लगेच मागोमाग नेहमीचे गोल फिरणारे फुएते. दोन्हींसाठी पाठीचा वापर वेगळा, त्यामुळे बदलाच्या क्षणी अनेकजणी अडखळतात. खूण: उभा पाय जागचा किती सरकतो. सुरुवात जिथे केली तिथून दोन-तीन हात पुढे आली असेल तर वजन टाचेकडे नव्हतं.

सावल्यांमधल्या तीन एकल नाचांपैकी तिसरा सर्वात फसवा. संथ असल्याने सोपा वाटतो. चवड्यावर चढत पाय समोर उलगडायचा, तेही घाई न करता. दुसऱ्या नाचातल्या उड्यांना टाळ्या जास्त पडतात, अवघड मात्र तिसरा.

आणि सोलोर: हवेत दोन गिरक्या घेत पाय जुळवणाऱ्या उड्यांचं रंगमंचभर वर्तुळ. ही चाबुकियानीची देणगी. पाय हवेतच जुळले पाहिजेत, उतरताना नाही. दमला की वर्तुळ लहान होत जातं आणि शरीर आतल्या बाजूला कलतं. मुंतागिरोव्हचं वर्तुळ शेवटपर्यंत तेवढंच राहतं, उतरल्याचा आवाजही येत नाही. मुखामेदोव्ह अधिक रांगडा. शिकारी म्हणून मला तोच पटतो.

तोडा_तुकडा

सगळ्यांचे आभार. १९९१ आणि १९९४ दोन्ही पाहणार. पण चौथा प्रश्न सगळ्यांनी सोयीस्कर टाळलात! आणि मूर्तीचा घोळही राहिला.

पडद्यामागे

मूर्तीचं आधी. तो नाच पेतिपाचा नाहीच. निकोलाय झुब्कोव्स्कीने १९४८ साली तो स्वतःसाठी रचला, साखरपुड्याच्या अंकात. मकारोवाने तो उचलून शेवटच्या अंकाच्या सुरुवातीला देवळात नेला, आणि तिथे तो जास्त शोभतो. दोनेक मिनिटांचा नाच, अंगभर सोनेरी रंग. नाचणाऱ्याने चेहऱ्यावर काहीच आणायचं नाही, हात कोनांत गोठलेले, आणि उड्या मात्र जास्तीत जास्त उंच. धापा दिसल्या की मूर्ती संपली.

आता ‘भारत’. पेतिपा भारतात कधी आला नाही. १८३८ साली पाँडिचेरीजवळच्या तिरुवेंदिपुरमच्या देवदासींचा ताफा पॅरिसला गेला होता, त्यातल्या अम्मनीवर फ्रेंच कवी आणि समीक्षक तेओफिल गोतिए फिदा होऊन लिहीत होता. त्याच गोतिएने १८५८ मध्ये शाकुंतलावरून बॅलेची संहिता लिहिली, आणि तो बसवला मारियसचा भाऊ ल्युसियें पेतिपाने. म्हणजे खऱ्या देवदासींचा नाच त्या वर्तुळातल्या लोकांना माहीत होता, तरी रंगमंचावर आली ती वॉल्ट्झच्या तालावर नाचणारी निकिया. गोवळकोंड्याचा राजा, अग्नीभोवती उड्या मारणारे फकीर, वाघाची शिकार, अफू, साप, सगळं एका पिशवीत. भरतनाट्यम किंवा कथकच्या कसोटीला लावाल तर पहिल्या अंकातच बंद कराल. दोन्ही हात जोडून कोपर बाहेर काढलेला तो नमस्कार तर दर पाच मिनिटांनी आहे.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. जुन्या आवृत्त्यांत लहान मुलांना काळं रंगवून नाचवतात. पॅरिसने २०१५ मध्ये, बेंजामँ मिलपिए तिथला बॅले संचालक असताना, त्या नाचाचं नाव बदलून ‘मुलांचा नाच’ केलं आणि रंगही बंद केला. बोल्शोयमधल्या अशाच रंगवलेल्या मुलींच्या फोटोवर अमेरिकन कृष्णवर्णीय बॅले नर्तकी मिस्टी कोपलँडने २०१९ मध्ये आक्षेप घेतला तेव्हा तिथून उत्तर आलं की ही आमची परंपरा आहे. १९९४ च्या पॅरिस रेकॉर्डिंगमध्ये हे जुनं रूप आहे, पाहताना लक्षात असू द्या.

अवांतर: निकिया आणि गमझात्तीच्या भांडणात मध्ये पडून खंजीर अडवणाऱ्या बाईचं भूमिकेतलं नावच ‘आया’ आहे. अख्ख्या बॅलेतलं सर्वात अस्सल नाव तेच.

बाल्कनी_उजवीकडे

‘आया’ला +१.

आणि तोडा_तुकडा, त्या भांडणाच्या प्रवेशात नाच जवळजवळ नाही, निव्वळ मूकाभिनय आहे. १९९१ मध्ये बसेल वयाने लहान, तंत्र भक्कम, पण दागिना काढून देताना ती लाच देते आहे असं वाटत नाही. १९९४ मध्ये प्लातेल तोच दागिना निकियापुढे असा धरते की नकार येणार हे तिला ठाऊकच नाही. हा एक प्रवेश दोन्हीकडे पाहा, मग १९९१ च्या टोपलीवर या, आणि कुपी कधी सुटली ते इथे लिहा.