मदत हवी आहे: बाबांच्या मृत्युपत्रावर खोटी हरकत, हयात साक्षीदार एकच

नमस्कार. बाबा गेल्या वर्षी गेले. नौपाड्यातला फ्लॅट त्यांनी आईच्या, तिच्यामागे आम्हा दोघी बहिणींच्या नावे केलाय. मृत्युपत्र रजिस्टर्ड आहे. ठाण्यात प्रोबेट (मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला) सक्तीचं नव्हतं, तरी पुढे कुणी वाद काढू नये म्हणून जिल्हा न्यायालयात अर्ज केला. नोटीस निघाली आणि चुलतभावाने हरकत घेतली.

त्याचं म्हणणं, बाबांनी नंतर दुसरं मृत्युपत्र करून फ्लॅट त्याला दिला. दाखवली आहे नुसती झेरॉक्स. बाबांना पार्किन्सन्स होता. शेवटी शेवटी सही करताना पेन अडखळायचं, अक्षरं मुंगीएवढी व्हायची. झेरॉक्सवरची सही मात्र मोठी, ठसठशीत, एका दमात केलेली, त्यांच्या नोकरीच्या काळातली वाटावी अशी. झेरॉक्सवर ज्या नोव्हेंबरची तारीख आहे, त्याच नोव्हेंबरात बँकेत दिलेल्या हयातीच्या दाखल्यावरची सही नीट लागतसुद्धा नाही.

खरी काळजी वेगळीच आहे. आमच्या मृत्युपत्राचे एक साक्षीदार वारले. दुसरे काका ८४ वर्षांचे, डोंबिवलीला असतात, जिना उतरवत नाही. चुलतभाऊ प्रत्येक तारखेला मुदत मागतो. तो काकांच्या जाण्याचीच वाट बघतोय, असं मला वाटतं. वकील म्हणतात, धीर धरा. आई रात्र रात्र झोपत नाही. काकांची साक्ष आधी होऊ शकते का?

प्रतिसाद:

ताई, होऊ शकते. हरकत आली की अर्ज दाव्यासारखा चालतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १८, नियम १६ खाली साक्ष तातडीने घ्या म्हणून आजच अर्ज द्या, डॉक्टरांचा दाखला जोडा. काकांना येता येत नसेल तर आदेश २६ खाली कोर्ट कमिशनर (कोर्टाने नेमलेली व्यक्ती) घरी जाऊन साक्ष नोंदवतात. मृत्युपत्र रजिस्टर्ड असलं तरी साक्षीदार तपासावा लागतोच, पण एक पुरतो (भारतीय साक्ष्य अधिनियम, कलम ६७). दुर्दैवाने काका राहिले नाहीत, तरी कलम ६८ खाली साक्षीदाराचं हस्ताक्षर आणि बाबांची सही शाबीत करता येते. म्हणून दोन्ही साक्षीदारांच्या जुन्या सह्यांचे कागद आत्ताच जमवा.

दुसरं मृत्युपत्र शाबीत करायची जबाबदारी त्याची. पत्नी आणि मुली असताना चुलतभाऊ वारस नाही, त्याचा सगळा आधार त्या एका कागदावर आहे. मूळ प्रत हजर करायचा अर्ज द्या, मग हस्ताक्षरतज्ज्ञ मागा. हयातीचा दाखला जपून ठेवा असं बँकेला लेखी कळवा. खोट्या शपथपत्राची कारवाई मागे ठेवा, आधी काकांची साक्ष.